अर्धं पाऊल मागे

९ जानेवारी, शुक्रवार

डॉक्टरांनी सांगितलंय की रोज मनातलं लिहून काढा, रक्तदाब उतरेल. लोकांना तोंडावर बोलण्यापेक्षा वहीत बोला, असं त्यांचं म्हणणं. डॉक्टरांविषयी मला काय वाटतं ते परवाच दोन पानं भरून लिहिलं. आकडा होता तिथेच आहे.

आज नवीन चित्रपट कामाला आला. भयपट. म्हणजे आता महिनाभर मी माइकपुढे कोबी पिरगाळणार आणि थिएटरात लोक मान मोडली म्हणून डोळे झाकणार. शूटिंगच्या वेळी फक्त नटांचं बोलणं नीट टिपतात. बाकीचं सगळं, म्हणजे चालणं, दारं, कपड्यांची सळसळ, हाडं मोडणं, हे आम्ही नंतर पडद्याकडे बघत नव्याने करतो. त्याला फोली म्हणतात. चौतीस वर्षं मी दुसऱ्यांच्या वतीने चालतेय, आणि माझं नाव येतं कुठे, तर जेवण पुरवणाऱ्यांच्या खाली.

गोष्ट अशी. एक बाई तिकीट खिडकीवर बसते. रोज तिकीट घेणाऱ्या एका माणसावर तिचा जीव जडतो. त्याला तिचा चेहरासुद्धा धड आठवत नाही. तर ही बया एका जुन्या इमारतीच्या लिफ्टमध्ये शिरते. तिथे आकडा नसलेलं एक बटण असतं. ते दाबून म्हणते, ‘त्याने मला क्षणभरही सोडून जाऊ नये.’ झालं. तो येतो आणि मग जातच नाही. पुढचा दीड तास तो जात नाही एवढंच आहे. आमच्या इमारतीची लिफ्ट चार वर्षं बंद पडलीय. लिफ्टला इच्छा पुऱ्या करता येत असत्या तर तिने आधी स्वतःची केली असती.

दिग्दर्शक एकतीस वर्षांचा. पहिलाच चित्रपट. दर वाक्यात ‘फील’. म्हणाला, “काकू, पावलांमध्ये ओढीचा फील हवा.” ओढीचा फील म्हणजे काय, असं मी विचारलं. त्याने दोन्ही हात छातीवर ठेवून डोळे मिटून घेतले. मी काचेपलीकडे कानसेनकडे पाहिलं. कानसेन म्हणजे आमचा रेकॉर्डिस्ट. बावीस वर्षं माझे आवाज टिपतोय, त्यामुळे चेहरा न हलवता हसू शकतो. दिग्दर्शकाचं नाव मी फीलसाहेब ठेवलं. कानसेन म्हणाला की यापेक्षा वाईट सुचलं असतं.

१२ जानेवारी, सोमवार

चिरंजीवांनी आज जाहीर केलं की ते वेगळे राहणार. दातवालीबरोबर. दोन बस बदलून जावं लागतं अशा ठिकाणी एक खोली बघितलीय म्हणे. आधी राहायला जायचं, मग रजिस्टर लग्न.

दातवाली म्हणजे ती मुलगी. खोटे दात बनवणाऱ्या प्रयोगशाळेत कामाला आहे. आमचे चिरंजीव चष्म्याच्या दुकानात डोळे तपासतात. एक डोळ्यांचा, एक दातांची. दोघं मिळून अर्धं तोंड होतं. मुलगी वाईट नाही. कमी बोलते. माझ्याकडे बघून हसते तेव्हा वाटतं की ही माझा वरचा जबडा मोजतेय.

“दोन बस का? इथे जवळ काही नाही मिळालं?” मी विचारलं.

“दोन बसच हव्यात, आई,” म्हणाला, आणि लगेच पाणी प्यायला उठला.

तेवीस वर्षं मी आणि तो, दोघंच. त्याचे बाबा गेले तेव्हा सहा वर्षांचा होता. मी अडवणार नाही. अडवणाऱ्या आया वेगळ्या असतात, आमच्या ताईसारख्या. तिने सुनेच्या कपाटाची किल्ली स्वतःच्या कमरेला लावली होती. मी तसलं काही करत नाही. मी फक्त विचारते. कुठे निघालास, केव्हा येणार, कोण होतं फोनवर, जेवलास का. आईने एवढंही विचारू नये?

१५ जानेवारी, गुरुवार

दिवसभर चुंबनं केली. स्वतःच्या मनगटावर, अठ्ठावन्नाव्या वर्षी. कानसेन काचेपलीकडून सांगतो, “बाई, जरा कमी ओलं.” पडद्यावर तो नट डोळे मिटून उभा आणि इथे मी स्वतःच्या हाताला चिकटलेली. फीलसाहेब म्हणाला, “काकू, यात मला प्रेम कमी आणि भूक जास्त ऐकू येतेय.” सकाळी चहाशिवाय बोलावलं तर दुसरं काय ऐकू येणार?

आज बाकीचा चित्रपटही बघून घेतला. त्या तिकीटवाल्या बाईची कीव येण्याऐवजी मला चीडच आली. माणूस बांधून ठेवायची एवढी हौस. आणि मग तो बांधला गेला की हिचंच बोंबलणं, तो बाथरूमच्या दाराबाहेर उभा राहतो, तो मी झोपलेली असताना बघत बसतो, तो मला एकटीला खिडकीसुद्धा उघडू देत नाही. अगं बये, तूच मागितलंस ना? आणि तो माणूस तरी बघा. दाराबाहेर नुसता उभा. बोलत नाही, दार वाजवत नाही. असं कोण करतं? निदान दार तरी वाजव. मी फीलसाहेबाला म्हटलंसुद्धा की हे लोकांना पटणार नाही. तो म्हणाला, “न पटणंच भीतीदायक आहे.” उचलली जीभ लावली टाळ्याला.

२० जानेवारी, मंगळवार

खोलीच्या घरमालकीणबाईंचा फोन आला. भाडेकरू ठेवण्याआधी त्या घरच्या मोठ्या माणसाशी बोलतात. चिरंजीवांनी विश्वासाने माझा नंबर दिलेला.

“मुलगा कसा आहे हो तुमचा?” त्यांनी विचारलं.

मी खरं तेच सांगितलं. स्वभावाने गरीब आहे. छाती मात्र नाजूक, खोकला सुरू झाला की रात्रभर थांबत नाही, शेजाऱ्यांनाही जागं ठेवतो. ओल तर अजिबात सोसत नाही. आणि नोकरीचं म्हणाल तर सध्या आहे. पुढचं कुणी सांगावं?

बाई म्हणाल्या, “आमच्या भिंतींना थोडी ओल आहे खरी.”

“मग तुम्हीच बघा,” मी म्हटलं.

एक शब्द खोटा बोलले नाही. तो अकरा वर्षांचा होईपर्यंत खोकत होताच. आणि नोकरी कुणाची कायमची असते?

२७ जानेवारी, मंगळवार

आज काम जमलं. आठवडाभर त्या बांधल्या गेलेल्या माणसाच्या पावलांवरून फीलसाहेबाने डोकं खाल्लं होतं. आमच्याकडे जोड्यांचं कपाट आहे. त्यातले अठरा जोड घालून मी त्या तिकीटवालीच्या मागून चालले. बूट घातले की म्हणे पोलीस वाटतो. चामडी चप्पल घातली की घरमालक वाटतो. अनवाणी चालले तर म्हणे माकड. नाचता येईना अंगण वाकडं. शेवटी डोकं उठलं आणि मी पिशवीतून माझ्या घरच्या रबरी सपाता काढल्या. पायांना आराम म्हणून कालपासून आणून ठेवल्या होत्या. त्या घालून स्टुडिओतल्या फरशीच्या तुकड्यावर चालले. ती पुढे, मी अर्धं पाऊल मागे. तिचं पाऊल उचललं जातं तेव्हाच माझं टेकायचं, म्हणजे तिला वाटतं की आपलाच आवाज आहे. ती थांबली की मीही थांबायचं, पण किंचित उशिराने.

फीलसाहेब खुर्चीतून उठला. “हाच. हाच तो.”

मग बाथरूमचा प्रसंग. आत ती पाणी अंगावर घेतेय, बाहेर तो उभा. कानसेन म्हणाला, “बाई, नुसत्या उभ्या माणसाचा कसला आवाज?” त्याला काय माहीत? उभं राहण्याला चालण्याहून जास्त आवाज असतो. सपातेपासून टाच हळूच सुटते, मग पुन्हा टेकते. भार डाव्या पायावरून उजव्यावर जातो. मध्येच श्वास धरायचा, म्हणजे कपडासुद्धा हलत नाही. आणि आतलं पाणी बंद झालं की चटकन दोन पावलं मागे यायचं, कारण आता दार उघडणार.

एका दमात केलं. दुसरा टेक लागला नाही.

फीलसाहेबाने तो तुकडा पुन्हा लावून ऐकला. मग म्हणाला, “ते मागे येणं आमच्या पटकथेत नव्हतं. काकू, हे कसं सुचलं?”

“अनुभव,” मी म्हटलं. चौतीस वर्षं झाली, ही पोरं जन्मली नव्हती तेव्हापासून करतेय.

कानसेनने हेडफोन काढून ठेवला आणि माझ्याकडे बघत बसला. मग विचारलं, “मुलगा कसा आहे तुमचा?” मी सांगितलं की मजेत आहे. कौतुक करायचं सोडून या माणसाला नेमकं काहीतरी भलतंच सुचतं.

३ फेब्रुवारी, मंगळवार

खोलीचं फिसकटलं. घरमालकीणबाईंनी नाही म्हणून कळवलं, कारण सांगितलं नाही. चिरंजीव तोंड पाडून बसले. मी म्हटलं, जे होतं ते चांगल्यासाठी. रात्री त्याला आवडतं म्हणून टोमॅटोचं सूप केलं. त्याने अर्धं तसंच ठेवलं.

१६ फेब्रुवारी, सोमवार

लिहिण्यासारखं काही नाही. चित्रपटाचं मिक्सिंग चाललंय. दातवाली रविवारी आली होती. दोघं त्याच्या खोलीत दार लावून हळू बोलत होती. मी तीनदा जाऊन विचारलं, चहा हवा का. तिसऱ्या वेळी मी दाराशी पोचायच्या आतच आतून तिचा आवाज आला, “नको, काकू.” कान तिखट आहेत पोरीचे.

२१ फेब्रुवारी, शनिवार

आज सकाळी अकराला खाजगी खेळ झाला, काम करणाऱ्यांसाठी आणि घरच्यांसाठी. मी दोघांनाही घेऊन गेले. पोराला वर्षानुवर्षं सांगतेय की एकदा ये, आई काय करते ते बघ, म्हणजे ऐक. आज आला. मला बरं वाटलं, ते खोटं कशाला लिहू?

चित्रपट व्हायचा तेवढाच वाईट झालाय. नटी किंचाळते तेव्हा दात दुखल्यासारखं तोंड करते. तसं मी दातवालीच्या कानात म्हटलं. ती हसलीसुद्धा.

मग बाथरूमचा प्रसंग आला. पडद्यावर फक्त ती आणि दाराखालची फट. संगीत नाही, बोलणं नाही, नुसत्या माझ्या सपाता. टाच सुटली, टेकली. भार उजव्यावर गेला. थिएटरात कुणी पापणी हलवत नव्हतं. पाणी बंद झालं आणि सपाता दोन पावलं मागे आल्या. मागच्या रांगेत एक बाई चक्क ओरडली. असं यश मला चौतीस वर्षांत मिळालं नव्हतं. मी चिरंजीवांकडे पाहिलं.

त्याने खुर्चीचा हात धरला होता. म्हणाला, “आई.” मोठ्याने. रांगेतली माणसं वळून बघायला लागली. मग तो उठला, लोकांच्या गुडघ्यांवरून अडखळत बाहेर गेला. दातवाली त्याच्या मागे.

मी थांबले. माझं नाव शेवटी येतं, ते बघितल्याशिवाय कशी उठणार? या वेळी जेवणवाल्यांच्या वर होतं.

बाहेर आले तर तो थिएटरच्या पायऱ्यांवर बसलेला, तोंड पांढरं. मी म्हटलं, “एवढा कसा रे भित्रा? कोबी आहे तो सगळा.”

“ती तुझी सपात आहे,” तो म्हणाला. “डावी. तिचा तळ सुटलाय.”

मला अभिमानच वाटला. “ओळखलीस? कान माझ्यावर गेलाय तुझा.”

“मी अंघोळ करतो तेव्हा ती बाहेर असते, आई.”

“साबण संपला असेल तर द्यायला.”

“फोनवर बोलतो तेव्हा असते. झोपतो तेव्हा असते. शाळेत होतो तेव्हापासून. मला वाटायचं की आपल्या डोक्यात काहीतरी बिघाड आहे.” त्याने दातवालीकडे पाहिलं. “हिला विचार. मी हिला सांगितलं होतं की मला पावलं ऐकू येतात. आम्ही डॉक्टरकडे जाणार होतो.”

दातवालीने मला विचारलं, “काकू, घरमालकीणबाईंना तुम्ही काय सांगितलंत? मी काल त्यांना भेटले.”

“त्यांनी विचारलं ते.”

तिने फक्त मान हलवली. भांडली असती तर मी पुरून उरले असते. चिरंजीव उठला, पँट झटकली आणि तिला म्हणाला, “दुसरी खोली बघू नकोस. मी नाही येत.”

“का?”

“आईला तिथला पत्ता सापडेल.”

तिने थोडा वेळ त्याच्याकडे बघितलं, मग एकटीच बसथांब्याकडे गेली. आम्ही दोघं घरी आलो. जिन्यात तो पुढे होता. तिसऱ्या मजल्यापर्यंत एकदाही मागे वळला नाही.

२२ फेब्रुवारी, रविवार

राहिला. लोक काय वाटेल ते म्हणोत, पोराने आईला टाकलं नाही. आजकाल असं कुठे बघायला मिळतं?

२४ फेब्रुवारी, मंगळवार

चिरंजीव शहाण्यासारखे वागायला लागलेत. मी विचारायच्या आत सगळं सांगतात. सकाळी दुकानात पोचल्याबरोबर फोन, “आई, पोचलो.” अकराला फोन, “आई, चहा घेतला.” एक वाजता, “जेवलो.” संध्याकाळी, “बसमध्ये बसलो, खिडकीची जागा मिळाली.” ताईला मी हे सगळं फोनवर सांगितलं. म्हटलं, तुझ्या पोराने पाच वर्षांत असा एक तरी फोन केला का? ताई म्हणाली, “बरा आहे ना गं तो?” जळते मेली.

२७ फेब्रुवारी, शुक्रवार

आज फोन नऊ वेळा. “आई, आता एका आजोबांचे डोळे तपासतोय.” “आई, झाले तपासून.” स्टुडिओत माइक चालू असताना फोन घ्यावा लागतो, नाही घेतला तर तो पुन्हा करतो. आवाज सगळ्या वेळी सारखाच. चढ नाही, उतार नाही. रेल्वेच्या घोषणेला जास्त जीव असतो.

घरी त्याने आपल्या खोलीचं दार काढून भिंतीला टेकवून ठेवलंय. स्वतः बिजागरीचे स्क्रू काढले. मी विचारलं, “हे काय?”

“तुला बाहेर उभं राहायला नको,” म्हणाला. रागाने नाही. बस आज वेळेवर आली, हे सांगावं तसं.

मी म्हटलं, “दार परत लाव.”

“हो, आई.” लगेच उठून लावायला लागला.

“राहू दे.”

“हो, आई.” स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवून उभा राहिला, पुढचं काय म्हणून. मी स्वयंपाकघरात गेले आणि उगाच नळ सोडला.

दातवालीचा विषय काढला. “भेटतोस का तिला?” तर म्हणतो, “भेटू का?” एकोणतीस वर्षांचा घोडा. मला एकदम त्याला थोबाडीत मारावीशी वाटली. मग वाटलं की मारली तर तो दुसरा गाल पुढे करेल. म्हणून नाही मारली.

१ मार्च, रविवार

झोप नाही. रक्तदाबाचा आकडा लिहीत नाही.

एक लिहायचं राहिलंय, ते लिहून टाकते. त्याचे बाबा झोपेत गेले. मी शेजारीच होते आणि मला काही ऐकू आलं नाही. आवाजांवर पोट भरणारी बाई, आणि शेजारी नवऱ्याचा श्वास थांबलेला कळला नाही. त्यानंतर मी पोराच्या दाराशी उभी राहायला लागले. आत खोकला ऐकू आला की बरं वाटायचं, म्हणजे श्वास चालू आहे. अकराव्या वर्षी खोकला बंद झाला. मग नुसता श्वास ऐकायला जास्त वेळ उभं राहावं लागायचं. पुढे त्याची दाढी आली, नोकरी लागली. मी कधी थांबायचं हे कुणी सांगितलं नाही. मीही कुणाला विचारलं नाही. त्या तिकीटवालीला मात्र मी शिव्या घालत होते, की माणूस बांधून ठेवायची काय ही हौस. दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ दिसतं म्हणतात. मला तर ते कुसळ पगारी तासांत दिसत होतं.

२ मार्च, सोमवार

दुपारी दातांच्या प्रयोगशाळेत गेले. एका लांब टेबलावर दहाबारा जबडे तोंड वासून मांडलेले, आणि त्यांच्यामागे ही, डोळ्याला भिंग लावून. मला बघून हातातला दात खाली ठेवला.

मी म्हटलं, “तो तुला फोन करतो का?”

“रोज करतो,” ती म्हणाली. “काकू, तो बोलत नाही. सांगतो. आता जेवलो, आता बसलो. काल मी विचारलं, तुला माझी आठवण येते का? म्हणाला, आईला विचारून सांगतो.”

मी खुर्ची ओढून बसले. ती उभीच होती.

“मग तू ओढून ने ना त्याला,” मी म्हटलं. “एवढीही धमक नाही?”

“नेला तर तो माझ्याकडे येऊन असाच बसेल. हो म्हणत.” तिने भिंग काढून ठेवलं. डोळे सुजलेले होते. “मला तसला नकोय, काकू. तुम्हाला चालतो?”

पोरीला उलट बोलता येतं तर. मी पिशवी उचलून उठले. निघताना तिने माझ्यासाठी दार उघडून धरलं.

४ मार्च, बुधवार

घरमालकीणबाईंना फोन केला. त्यांची खोली अजून रिकामी आहे. एवढी ओल असल्यावर दुसरं काय होणार?

“मुलाच्या छातीबद्दल बोलले होते मी,” मी म्हटलं. “त्याला अठरा वर्षांत खोकला झालेला नाही.”

“मग तसं का म्हणालात?”

“खोटं बोलले.”

“आणि नोकरी?”

“सहा वर्षं एकाच दुकानात आहे. मालक त्याच्यावर दुकान टाकून गावाला जातो.”

“अहो, पण स्वतःच्या मुलाबद्दल कुणी असं सांगतं का?”

मी म्हटलं, “मी सांगते. म्हणून तर तो तुमच्याकडे येतोय.” त्यांना मी वेडी वाटले असणार. वाटू दे. खोली देते म्हणाल्या. नंतर दातवालीला कळवलं. ती फक्त “बरं” म्हणाली, पण फोन ठेवायला तिला वेळ लागला.

संध्याकाळी चिरंजीवाला सांगितलं, “खोली मिळालीय. शनिवारी जायचं.”

“हो, आई,” म्हणाला, आणि बॅग काढायला उठला. त्याच आवाजात. जा म्हटलं तरी हो, राहा म्हटलं तरी हो. मी भिंतीकडे तोंड करून मटार सोलत बसले.

७ मार्च, शनिवार

दहाला निघाला. दातवाली खाली थांबली होती, वर आली नाही. दोन बॅगा, एक जड, एक हलकी. जाताना दाराशी थांबून म्हणाला, “येतो, आई.”

त्यावर ‘ये’ म्हणायचं असतं. जन्मभर म्हणत आलेय. पण आज मी ये म्हणाले असते तर ते त्याने हुकूम म्हणून घेतलं असतं आणि संध्याकाळी हजर झाला असता. म्हणून नुसतं “बरं” म्हटलं, आणि स्वयंपाकघरात येऊन खुर्चीत बसले.

तिथून मला जिना पूर्ण ऐकू येतो. तो सावकाश उतरत होता, एकेक पायरी. दुसऱ्या मजल्यावर थांबला. आधी जड बॅग खाली ठेवली, मग हलकी. पुढे काहीच नाही. दम लागायला तो म्हातारा नाही. तो ऐकत होता.

माझ्या पावलांची वाट बघत होता. मी नुसती उभी राहिले असते, टाच नुसती सुटून टेकली असती, तरी त्याला कळलं असतं. बॅगा उचलून तो परत वर आला असता, हो आई म्हणत. मला उठायचं होतं. हे इथे लिहिते, कारण दुसरीकडे कुठे कबूल करणार नाही. त्याने मफलर घेतलाय की नाही एवढंच बघायचं होतं, असं मी स्वतःला सांगत होते. मी सपाता काढल्या आणि दोन्ही पाय खुर्चीवर वर घेतले, लहान मुलं बसतात तसे. गुडघ्यांना हात घालून बसले आणि श्वास धरला. श्वास धरायला मला चांगलं जमतं.

बराच वेळ गेला. मग त्याने एक बॅग उचलली, मग दुसरी. चार पायऱ्या हळू उतरला आणि थांबला. आणखी चार. पुन्हा थांबला. मी हलले नाही. पहिल्या मजल्यापासून तो दोनदोन पायऱ्या घ्यायला लागला, आणि शेवटचा जिना तर धावतच उतरला, जड बॅग कठड्यावर आपटत. पळून जाणारा माणूस असाच उतरतो. एवढ्या सामानानिशी अशी पावलं मी कुणाला दिली असती तर फीलसाहेब म्हणाला असता, काकू, जरा जास्त होतंय.

खालचं दार आपटलं. दातवाली काहीतरी बोलली आणि तो हसला. मोठ्याने. तीन मजले वर ऐकू आलं. हा आवाज माझ्या ओळखीचा नव्हता.

वही ओट्यावरच होती, ती ओढून घेतली आणि तशीच बसून लिहितेय. पाय अजून वरच आहेत. ते दोघं दुसऱ्या बसमध्ये चढले असतील तेव्हा खाली घेईन.